पाचवी तार, चौकोनी सेल आणि आमचा भाचा

बर्‍याच दिवसांनी लिहितोय. कारण तसं घरगुतीच आहे, पण घरात त्यावर इतका काथ्याकूट झालाय की एकदाचं सगळं लिहून टाकावं म्हटलं, म्हणजे दर रविवारी फोनवर तेच तेच सांगायला नको. ताई, तू हे वाचशीलच. दाजींनाही वाचून दाखव. पिंट्याला निरोप द्यायची गरज नाही, तो माझ्या चुका काढायला आपणहून येतो.

तर झालंय असं. आमचा भाचा पिंट्या गेवराईत एका गायन पार्टीत बेस गिटार वाजवतो. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मग लग्नसराई, मग गणपती, नवरात्र. इतके दिवस पार्टीवाल्याची मागून आणलेली गिटार वाजवत होता, ती आता परत द्यायची आहे. स्वतःची घ्यायला हवी. दाजींनी कापसाच्या पैशातले पंचवीस हजार देतो म्हणून सांगितलंय. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याचं काय केलं हे माहीत असणार्‍याला हे पंचवीस हजार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ते गिटारीवर जाणार आहेत, आणि दाजींनी एका शब्दानं कुरकुर केलेली नाही. म्हणूनच ते वाया जाऊ नयेत याची मला दाजींपेक्षा जास्त धास्ती आहे.

पिंट्याला हवी आहे पाच तारांची, ॲक्टिव्ह. "मामा, समदे म्हणायलेत की आता चार तारांचा जमाना गेला." हे 'समदे' म्हणजे कोण हे विचारलं तर यूट्यूबवरचे तिघे, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे दहा आणि एक दुकानदार.

माझं म्हणणं: चार तारांची घे, आणि साधी, पॅसिव्ह घे. त्यावर तो मला 'जुना माणूस' म्हणाला. जुना आहेच. पण मुद्दा वयाचा नाही. कसा ते सांगतो.

ज्यांना बेस म्हणजे फक्त डीजेच्या भिंतीतून छातीत बसणारा गुद्दा एवढंच माहीत आहे (आमच्या नातेवाइकांपैकी नव्वद टक्के), त्यांच्यासाठी थोडक्यात. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून चार तारा ठरून गेल्या. जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी. आपल्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ कंपनं. पाच तारांच्या गिटारीत याच्याही खाली आणखी जाड एक बी तार असते, पांढरी सातची, ३१ कंपनांची. गंमत म्हणजे फेंडरनंच १९६५ साली पाच तारांचा बेस काढला होता तेव्हा जास्तीची तार खालच्या अंगाला नव्हती, वरच्या, बारीक अंगाला होती! तो काही फार चालला नाही. खालची बी तार सत्तरच्या दशकात अँथनी जॅक्सनसारख्या लोकांनी आणली. त्यानं १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसनकडून सहा तारांचं वाद्यच करून घेतलं. त्याला ते लागत होतं, कारण तो न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसून वाजवत होता. स्टुडिओत ३१ कंपनं ऐकू येतात.

गेवराईच्या मंडपात येत नाहीत. हा माझा पहिला मुद्दा.

पार्टीबरोबर जो साउंडवाला येतो त्याचे दोन टॉप, दोन बेसच्या पेट्या. त्यातल्या बहुतेक पेट्यांना ४०-४५ कंपनांच्या खाली उतार लागतो, पुष्कळदा तर साउंडवालाच त्याखालचं कापून टाकतो, आणि बरोबरच करतो, नाहीतर कोन फाटतो. म्हणजे पाचवी तार मोकळी वाजवलीस तर तिचा मूळ स्वर लोकांपर्यंत जातच नाही, जातो तो त्याच्या दुप्पट, ६२ चा. कान हुशार असतो, तो वरचे स्वर ऐकून खालचा मनानं भरून घेतो. तंबोर्‍याच्या खर्जाचं तरी वेगळं काय आहे? त्यात आपल्याला ऐकू येतो तो बराचसा वरच्या स्वरांचा झंकार, जवारीनं उघडलेला. खर्ज 'खोल' वाटतो तो त्यांच्यामुळे. नुसता खालचा स्वर म्हणजे खोली नव्हे. हे मिरजेत तंबोरे घडवणार्‍या कोणत्याही कारागिराला विचारा. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोर्‍याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाता जाता.)

आता पिंट्याची बाजू. तीही नीट मांडतो, नाहीतर म्हणेल मामानं कोर्ट स्वतःचंच भरवलं. तो म्हणतो, आपले पुरुष गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. म्हणजे सा हा सी शार्प किंवा डी शार्प. चार तारांच्या गिटारीत सगळ्यात खालचा स्वर ई. म्हणजे काळी दोनचा खालचा सा अर्ध्या स्वरानं हुकतो आणि काळी एकचा दीड स्वरानं. नेमका गायकाचा सा आपल्या गिटारीच्या खाली राहतो! पाचवी तार असली की दुसर्‍या फ्रेटवर काळी एक, चौथ्यावर काळी दोन, दोन्ही हजर.

मुद्दा खरा आहे. मला पहिल्यांदा ऐकला तेव्हा कौतुकच वाटलं, पोरानं हिशेब केलाय. पण अर्धाच केलाय. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आहे, ६९ कंपनांचा. त्याच्याच शेजारी, त्याच फ्रेटवर, ई तारेवर मंद्र पंचम आहे, ५२ चा. बोट आडवं हललं की सा-प. काळी दोनला हेच सगळं सहाव्या फ्रेटवर. आपल्या गाण्यांतला निम्मा बेस सा आणि मंद्र प यांच्या येरझारीत संपतो, आणि हे दोन्ही स्वर पेट्यांतून स्वच्छ येतात. बाई गाणार असतील तर काळी चार, काळी पाच, ते तर ई तारेवरच आहेत. मग तो पाताळातला सा हवा कशाला?

आणि हवाच असेल एखाद्या गाण्याच्या शेवटाला, तर खुंटी पिळ ना बाबा! यावर माझा खरा राग आहे. आपल्याकडे तबलजी हातोडी घेऊन गायकाच्या सा ला तबला लावतो. तंबोरा गायकाच्या पट्टीला लावतात. ढोलकीवाला कार्यक्रमाआधी अर्धा तास दोर्‍या आवळत बसतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. एकटा बेसवाला तेवढा म्हणतो की माझी तार ई ला लावलेली आहे, ती ई लाच राहील, स्वर खाली हवा असेल तर मी नवी गिटार घेतो, वडिलांनी कापूस विकावा. काळी दोनसाठी ई तार अर्धा स्वर उतरव, झाला खर्जातला सा. काळी एकसाठी दीड स्वर उतरवावी लागते, तार थोडी लुळी पडते, मग जाडी तार घाल. अख्ख्या सेटची किंमत गिटारीच्या किमतीपुढे काहीच नाही. फार तर खालच्या चार तारा (बी, ई, ए, डी) चार तारांच्याच गिटारीवर चढवून टाक, नटच्या खाचा थोड्या रुंद कराव्या लागतील एवढंच.

पाच तारांच्या बाजूनं खरा वजनदार मुद्दा आहे तो वेगळाच, आणि तो पिंट्यानं मांडलाच नाही, मीच मांडतो. पाचवी तार खालच्या स्वरांसाठी नसतेच मुळी, ती हात एका जागी ठेवण्यासाठी असते. पाचव्या फ्रेटपाशी बसून ई, एफ, एफ शार्प सगळं तिथल्या तिथे मिळतं, हात नटपर्यंत धावत न्यावा लागत नाही. रोज नवी चाल कागदावरून वाजवणार्‍याला हे वरदान आहे. मान्य. पण पंचवीस हजारांत? त्या किमतीत पाचव्या तारेचा खर्च कुठून तरी काढलेला असतो. मानेच्या लाकडातून काढतात, खुंट्यांतून काढतात, पिकअपमधून काढतात. आणि स्वस्तातल्या पाच तारांच्या गिटारीची बी तार म्हणजे ओल्या सुतळीसारखी. वाजवली की स्वर नंतर येतो, आधी फडफड. शिवाय तारांमधलं अंतर कमी. चार तारांच्या ब्रिजवर साधारण १९ मिलिमीटर असतं, पाचच्या बर्‍याच गिटारींवर १७ च्या आसपास. तुझी बोटं ऊस सोलल्यासारखी आहेत पिंट्या, रागवू नकोस.

माझ्या कपाटात पाच तारांची एक पडून आहे. २००९ मध्ये घेतलेली, पगार नवा होता तेव्हा. परवा काढून बघितली. चार तारा काळ्या पडल्यात आणि पाचवी अजून नव्यासारखी चकाकतेय. :-) पुरावा म्हणून फोटो पिंट्याला पाठवला होता. त्यानं अंगठा दाखवला आणि विषय बदलला.

असो. आता इलेक्ट्रॉनिक्स. इथे मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण तारांपेक्षा जास्त लोक इथे फसतात.

पॅसिव्ह गिटारीत काय असतं? पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, एक व्हॉल्यूम, एक टोन, एक कपॅसिटर आणि जॅक. संपलं. काही बिघडलं तर गेवराईत जो कुणी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो तो डाग देऊन अर्ध्या तासात चालू करून देईल. ॲक्टिव्हमध्ये याच्या पुढे एक छोटा प्रीअँप असतो, नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारा. पॅसिव्हचा टोन फक्त कापू शकतो, प्रीअँप वाढवूही शकतो. १९७६ साली आलेल्या म्यूझिक मॅनच्या स्टिंगरेनं ही चीज सगळ्यांच्या हातात नेली, आणि ती गिटार उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो दुकानदाराच्या एका वाक्याबद्दल. 'ॲक्टिव्ह घ्या साहेब, घरघर येत नाही.' मला एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात हेच सांगून गिटार विकली गेली होती. हे चूक आहे. प्रीअँप बहुतेक गिटारीत पिकअपच्या नंतर बसतो. पिकअपनं जी घरघर हवेतून उचलली ती त्याच्याकडे आधीच आलेली असते, तो तीसुद्धा इमानदारीनं मोठी करून पुढे पाठवतो. ज्यांच्या पिकअपच्या आतच प्रीअँप असतो, ईएमजीसारख्या, त्यांची गोष्ट वेगळी, त्या शांत असतात. एरवी घरघर थांबते ती दोन कॉइल उलटसुलट जोडल्यानं. प्रिसिजनमध्ये १९५७ पासून पिकअप दोन तुकड्यांत केला तो यासाठीच. एका तुकड्यानं उचललेली घरघर दुसरा रद्द करतो. सेल नाही, सर्किट नाही, नुसती जोडणी! जॅझ बेसवर दोन पिकअप सारखे उघडे ठेवले तरी तेच होतं, एक कमी केला की घरघर परत हजर.

आणि आपल्याकडे ही घरघर म्हणजे काय चीज आहे हे परदेशातल्या यूट्यूबवाल्यांना माहीत नाही. मंडपात एकाच जनरेटरवर लाइटच्या माळा, डिमर, साउंड, आणि मागे आचार्‍याचा मिक्सर. अर्थिंगच्या नावानं ओल्या मातीत ठोकलेला एक खिळा, तोही असला तर. आपली वीज ५० कंपनांची, म्हणजे जवळजवळ पांढरी पाचच्या खर्जाचा स्वर (तो ४९ चा). वीज मंडळ रात्रभर पांढरी पाचमध्ये गात असतं आणि गायक काळी एकमध्ये. :-)

सेलचा किस्सा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी नव्या मंडळींसाठी. गोदाकाठच्या एका गावात कार्यक्रम होता, राक्षसभुवनच्या अलीकडे. मी तेव्हा नव्या ॲक्टिव्ह गिटारीच्या धुंदीत. या गिटारींचा जॅक हाच त्यांचा स्विच असतो. केबल आत असेल तोवर सेल चालू. मी दुपारी साउंड चेक करून केबल तशीच ठेवून जेवायला गेलो, जेवण झाल्यावर आडवा झालो. आधीचा सेल किती जुना होता देव जाणे. रात्री दुसर्‍या गाण्यात आवाज चिरका झाला, तिसर्‍यात गेलाच. चार-पाचशे माणूस समोर. त्या गावात रात्री दहाला चौकोनी सेल कोण देणार? शेवटी मंडपवाल्यानं त्याच्या कॉर्डलेस माइकमधला काढून दिला, आणि त्याबदल्यात निवेदकाला वायरवाला माइक घेऊन उरलेला कार्यक्रम एका जागी खिळून करावा लागला. तो माणूस अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आता खरं बोलायचं तर ॲक्टिव्हचा एक फायदा आपल्याच परिस्थितीत सगळ्यात मोठा आहे, आणि तो लपवणं बरं नाही. आपल्याकडे स्टेजवर बेसचा ॲम्प नसतो. केबल थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. पॅसिव्ह पिकअपला पुढे साधारण दहा लाख ओहमचं इनपुट लागतं, मिक्सरचं लाइन इनपुट असतं काही हजारांचं. मग आवाज दबका, मेलेला, घोंगडीत गुंडाळल्यासारखा येतो. ॲक्टिव्ह गिटार थेट लावली तर खणखणीत. पिंट्यानं ॲक्टिव्ह वाजवून बघितली आणि भारावून गेला तो यामुळेच. त्याला वाटलं गिटार चांगली आहे. गिटार चांगली नव्हती रे, जोडणी बरोबर होती!

याला उपाय म्हणजे डीआय बॉक्स. एका हातात मावणारी डबी, गिटार आणि मिक्सरच्या मध्ये बसते. ॲक्टिव्ह डीआय घेतला तर त्याला मिक्सरमधून माइकच्याच केबलवरून ४८ व्होल्ट येतात, सेलची भानगड नाही. म्हणजे तेच सर्किट, पण गिटारीच्या पोटात नाही, बाहेर. बिघडलं तर डबी बदला, गिटार शाबूत. गिटार बदलली तरी डबी शाबूत. वाद्याच्या पोटात अशी वस्तू का ठेवायची जी आपल्या गावात दुरुस्त होत नाही? आमचे आजोबा म्हणायचे की मोट आपल्या गावच्या चांभाराला शिवता येईल अशीच घ्यावी. (आजोबांना गिटार म्हणजे काय हे माहीत नव्हतं ही गोष्ट सोडून द्या.)

इथपर्यंत सगळं तांत्रिक झालं. पण पिंट्या खरं ज्यासाठी अडून बसलाय ते वेगळंच आहे, ते त्यानं दिवाळीत गच्चीवर सांगितलं. पार्टीवाला त्याला म्हणाला, "कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस देतो, तुला वेगळं पाकीट कशाला देऊ?" म्हणून पोराला वाटतं की कीबोर्डपेक्षा खाली गेलो तर आपली जागा राहील.

पिंट्या, हे नीट ऐक. खाली जाण्याच्या शर्यतीत कीबोर्ड तुला कायम हरवणार. त्याला २० कंपनं सांगितली तर तो २० देईल. पाच काय, सात तारा लावल्यास तरी तू तिथे जिंकणार नाहीस. तू जिंकशील ते ढोलकीशी. ढोलकीची डावी बाजू घुमते तेव्हा तू थांबायचं, ती थांबली की तू बोलायचं. लग्गी लागली की बोट तारेवर अर्धं दाबून ठक्क वाजवायचं. कीबोर्डवाल्याचा डावा हात हे करू शकत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष उजव्या हातात असतं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. ती जुनी गाणी हेडफोन लावून फक्त बेस धरून ऐक. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांवर जेम्स जेमर्सनचा बेस ऐक. १९६२ ची प्रिसिजन, चार तारा, पॅसिव्ह, आणि उजव्या हाताचं एकच बोट. त्याच्या तारा तर तुटेपर्यंत बदलल्या जात नसत. आणि अगदी जवळचं हवं असेल तर कडुबाई खरात यांची भीमगीतं ऐक. हातात एकतारी. एक तार, पिंट्या. ती ऐकताना कुणी म्हणालंय का, बाई, अजून चार तारा का नाहीत?

यावर तो म्हणाला, "मामा, त्या गातात. मला गाता येत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. त्याचं पाकीट उद्या कापलं गेलं तर माझं हे सगळं ज्ञान त्याच्या काय कामाचं? चार तारांची गिटार घेतली म्हणून पार्टीवाला पाकीट देणार नाही, आणि पाच तारांची घेतली म्हणूनही देणार नाही. फरक एवढाच की पहिल्या व्यवहारात हातात एक बरी, टिकणारी, कुठेही दुरुस्त होणारी गिटार राहील आणि आठ-दहा हजार मागे उरतील. त्यात महिन्यातून दोनदा संभाजीनगरला (आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं) शिकायला जाण्याचं एसटीचं भाडं निघेल आणि वर शिकवणीची फीसुद्धा. पट्टी वाचायला शीक, कॉर्ड ओळखायला शीक. ते कीबोर्डवाल्याला येतं आणि तुला येत नाही, पाकिटाचं खरं दुखणं तिथे आहे. कडू आहे, पण मामानं नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

आणि उद्या कुणी स्टुडिओत बोलावलं, खालचा सा पाहिजेच म्हणाले, तर माझ्या कपाटातली घेऊन जा. परत आणायची घाई नाही. फक्त वाजवून झालं की केबल काढून ठेव.

ताई, दाजींना सांग, पंधरा-सोळा हजारांत काम होईल. कापूस विकला की कळवा, मी शनिवारी येतो, गिटार आपण तिघे जाऊन वाजवून बघून घेऊ. डीआय बॉक्स माझ्याकडून.